दर्यातून काढलेला रस्ता

आपले चाकरमानी मरीन ड्राइव्हच्या गोष्टी सांगतात. मुंबईचा हा रस्ता मीही बघितला. जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब, धनुष्यासारखा वळलेला! रात्री दिवे लागले की त्याला ‘राणीचा हार’ म्हणतात. सरकारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग.

आधी तिथे चक्क समुद्र होता. १९१५ साली काम सुरू झाले. पुढे सरकारने मोठा भराव घालायला घेतला. खर्च भरमसाट वाढला, काम रखडले. वकील खुर्शेद नरिमन यांनी तो गैरकारभार उघडकीस आणला. ‘नरिमन पॉइंट’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

पण पावसाळी उधाणात लाटा आजही रस्त्यावर येतात बघा! त्यांचा जोर मोडायला कडेला सिमेंटचे चार पायांचे ठोकळे टाकलेत. आपल्या किनाऱ्यावर दगडी बंधारे घालतात, तेही याचसाठी. दर्याची जागा घेतली, तर राखण कायमची करावी लागते.