बसायला शिकवणारा खड्डा

साडेसहा महिन्यांची नात अजून बसत नाही. लोड-तक्के लावून बसवलं तर पाठीला बाक येईल का, असं एका आजींनी पत्रातून विचारलं आहे. शेजारचं बाळ पाचव्या महिन्यातच बसू लागल्याने घरात काळजी आहे, असंही त्या लिहितात. कुठल्याही बाळाच्या वाढीत सर्वांत तापदायक गोष्ट म्हणजे शेजारचं बाळ!

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांची पाहणी 2006 साली प्रसिद्ध केली. (आपल्याकडची बाळं दिल्लीची होती.) त्यात आधाराशिवाय बसण्याचं वय 3.8 ते 9.2 महिने इतकं ऐसपैस निघालं. म्हणजे नात वेळेतच आहे.

बसणं दिसतं स्वस्थ, असतं मात्र धावपळीचं. तळहातावर काठी उभी तोलताना हात सारखा सरकवावा लागतो, तसे बाळाचे कंबर-पाठीचे स्नायू क्षणोक्षणी तोल सावरत असतात. त्यात डोकं अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं. म्हणून सुरुवातीला बाळ पुढे झुकून दोन्ही हात जमिनीला टेकतं. मग एक हात सुटतो, मग खुळखुळ्यासाठी दोन्ही सुटतात आणि स्वारी कुशीवर कलंडते. पुढे तोल गेला की हात टेकणं आधी जमतं, बाजूला नंतर, मागे सर्वांत शेवटी. तेव्हा उशी पाठीमागे जरूर ठेवा, पण रेलायला नव्हे, पडायला. मान धरलेल्या बाळाला असं थोडा थोडा वेळ, कोणीतरी जवळ असताना बसवल्याने बाक येत नाही. या वयात पाठ गोल दिसतेच.

पण बसणं शिकवून येतं का? 1950च्या दशकात युगांडातली बाळं युरोपातल्या बाळांच्या आधी बसतात-चालतात असं दिसून आलं, तेव्हा त्याचं श्रेय वंशाला देऊन बरेच विद्वान मोकळे झाले. अमेरिकन संशोधक चार्ल्स सूपर मात्र केनियातल्या किप्सिगिस लोकांच्या गावात गेले आणि आया दिवसभर काय करतात ते पाहत राहिले. तिथे जमिनीत बाळाच्या बेताचा छोटा खड्डा करत. त्यात बाळाला बसवायचं, म्हणजे पाठीला आधार मिळतो. नाहीतर भोवती पांघरुणं गुंडाळून ठेवायची. हा सराव ठरवून चालायचा, चालायलाही तसंच शिकवायचे. ही बाळं बसायला आणि चालायला साधारण महिनाभर आधी लागत. गंमत अशी की पालथं पडण्यात आणि रांगण्यात त्यांची काहीच आघाडी नव्हती, कारण ते कोणी शिकवत नव्हतं! वंशाचा गुण असता तर तो इतका निवडक कसा? 1976 सालच्या शोधनिबंधावर नाव सूपर यांचं आहे. माझ्या मते अर्धं श्रेय त्या आयांचं.

अर्थात, महिनाभर आधी बसलेलं बाळ पुढे जास्त हुशार निघतं असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. बाळाला बसवण्यासाठी ज्या फोमच्या खुर्च्या विकल्या जातात, त्यांच्या जाहिराती मात्र तसं सुचवतात. त्यात बाळ रुतून बसतं, तोल खुर्चीच सांभाळते. मग बाळ काय शिकणार? खड्ड्यातही आधार असतोच, पण खड्डा उचलून टेबलावर ठेवता येत नाही. खुर्ची ठेवता येते, आणि लोकांनी ती ठेवली. बाळं पडली, कवटीला इजा झाल्या. 2012 साली अमेरिकेत अशा एका खुर्चीचे सुमारे 40 लाख नग परत बोलवावे लागले, सोबत पट्टा द्यावा लागला.

आजींनी ते पैसे वाचवावेत. जमिनीवर सतरंजी घालावी, नातीला आपल्या पसरलेल्या पायांच्या मध्ये बसवावं, कंबरेशी हात धरावा आणि समोर वाटी-चमचा ठेवावा. कंटाळली की पालथं घालावं, तोही सरावच. नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसली नाही, किंवा आताच मान डगमगते, अंग फार ताठ वा फार सैल वाटतं असं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.