इंडेंटवर सही माझी होती

मागच्या भागात ‘सिस्टीम’ हा शब्द मी दहादा तरी वापरला. आज त्यामागच्या माणसाबद्दल बोलू.

जे फॉरेस्टर अमेरिकेत, नेब्रास्कात, गुरांच्या कुरणावर वाढले. शाळकरी वयातच त्यांनी वाऱ्यावर चालणारी १२ व्होल्टची वीज घरात आणली. पुढे एमआयटीत विद्युत अभियंता म्हणून व्हर्लविंड संगणक उभा केला आणि १९५६ साली ते सोडून तिथल्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कधी तीन-तीन पाळ्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी! दोष बाजाराला. फॉरेस्टरांनी कागद-पेन्सिल घेऊन भरतीचे आणि साठ्याचे नियम मांडले. मागणी स्थिर धरली तरी चढउतार येतच राहिले. मागणी नोंदवणं आणि माल हाती येणं यात वेळ जातो. तेवढ्यात माणूस घाबरून आणखी मागतो, आणि मग सगळं एकदम येऊन पडतं.

हे वाचलं आणि मी थबकलो. आमच्या युनिटमध्ये क्लच प्लेटा येईनात, म्हणून मीच तीनदा इंडेंट पाठवायला लावलं होतं. वर्षभराने ढीग लागला. स्टोअरच्या हवालदाराला मी सगळ्यांसमोर झापलं. ‘जी साब,’ एवढंच तो म्हणाला.

फॉरेस्टरांचं म्हणणं, व्यवस्थापक स्वतःला वैमानिक समजतात. विमानाची रचना कुणी केली हे विचारतच नाहीत. उतारवयात ते शाळेतल्या मुलांपर्यंत हा विषय नेण्याच्या मागे लागले.

हवालदार हरियाणाचा. नंबर मिळवलाय, अजून लावलेला नाही.