सोनकी : ओळखावी कशी, लावावी कशी

गणपती गेले, पावसाने जरा उघडीप दिली की जांबोटीकडून चोर्ल्याच्या वाटेवर रानाच्या कडेचे उतार पिवळे होऊ लागतात. ही सोनकी. गाड्या थांबतात, फोटो निघतात आणि परतताना एखादी जुडी मुळासकट घरी येते. दुसऱ्या दिवशी ती माना टाकते. वर्षायू झाड ते; फुलावर असताना उपटले की रुजत नाही, आणि पुढच्या वर्षीचे बीही गेले.

आमच्या घरी या फुलावरून दोन भाषांत वाद चालतो. सौ.चे माहेर धारवाडकडचे. पिवळे रान दिसले की ती म्हणते, ‘गुरेळ्ळु!’ म्हणजे आपले कारळे. नाते तसे खरेच आहे. सोनकी, कारळे, आपली शेवंती म्हणजे त्यांची सेवंतिगे, सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुले पाकळीसारखी, मधली नळीसारखी.

पण कारळे शेतात पेरलेले असते, सोनकी आपोआप येते. कारळ्याची खालची पाने समोरासमोर जोडीने येतात. सोनकीची एकाआड एक, कडेला दाते असलेली. खरी खूण बियांत आहे. कारळ्याचे बी काळे, तुळतुळीत, चटणीत पाहतो तेच. सोनकीच्या बीला पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका असतो, फुंकर मारली की उडते. बंगल्यांच्या कुंपणाशी जमिनीवर पसरणारी, चकचकीत पानांची पिवळ्या फुलांची वेल दिसते, तिला कुणी सोनकी समजू नये. ती परदेशी वेडेलिया. ती एकदा पसरली की खाली दुसरे काही उगवू देत नाही.

जुन्या पुस्तकांत सोनकीचे नाव सेनेसिओ ग्रॅहॅमी असे सापडेल. आता सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस म्हणतात. नावावरून एक इशारा घ्यावा. सेनेसिओ गटातल्या अनेक वनस्पतींत यकृताला घातक द्रव्ये असतात. कारळ्याची बहीण म्हणून हिची भाजी किंवा काढा करण्याच्या फंदात पडू नका. गुरांच्या वैरणीतही नको.

लावायची असेल तर बियांपासूनच. पावसाळा सरताना फुले वाळून झुबके सुटू लागले की एका जागी दोन-चार बोंडे घ्यावीत, बाकी रानाला ठेवावीत. राखीव जंगलातून तेवढीही आणू नयेत. आपल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावर मिळते. बी कागदाच्या पुडीत कोरडे ठेवावे, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. मृगाचा पाऊस सुरू झाला की पसरट कुंडीत तांबडी माती, मुरूम आणि थोडा पालापाचोळा घालून वर बी भुरभुरावे. फार तर चिमूटभर माती वरून. शेणखताचा मारा करू नये. उतारावरचे, उपाशी मातीत वाढलेले झाड आहे. खत मिळाले की पाला वाढतो, फुले रुसतात. पाणी मात्र साचता कामा नये.

गच्चीवरच्या कुंडीत डोंगराइतका बहर येत नाही, हे आधीच सांगतो. पण मधमाश्या आणि फुलपाखरे येतात. बी पिकताना कुंडीवर जुन्या मलमलीचा तुकडा बांधला नाही, तर पुढच्या जूनमध्ये रोपे शेजाऱ्यांच्या पन्हाळीत शोधावी लागतात.