तिरकं येणारं विमान

आडव्या वाऱ्यात धावपट्टीकडे तिरक्या नाकानं येणाऱ्या विमानाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. खरं तर तो तिरकेपणा हिशेबाचा असतो. नदी ओलांडताना नावाडी होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तसंच वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवून विमान सरळ रेषेत आणतो. धोका असतो तो शेवटच्या काही सेकंदांत, आणि तिथे हातोटीपेक्षा निर्णय मोठा ठरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची एकमेव धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. टोकांवरचे 09 आणि 27 हे आकडे म्हणजे 90 आणि 270 अंशांच्या दिशा. मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे जालन्याच्या बाजूनं उतरणाऱ्याला बहुतांशी समोरचा. 240 अंशांवरून 20 नॉटचा (ताशी 20 सागरी मैलांचा) वारा आला, तर त्यातला आडवा भाग निम्मा, 10 नॉटच उरतो. वारा पूर्ण दक्षिणेचा झाला, की मात्र सगळेच्या सगळे 20 आडवे. आता 15 नॉटचा आडवा वारा घ्या. साधारण 62 नॉटनं उतरणाऱ्या सेसना 172 ला त्यासाठी नाक सुमारे 14 अंश वळवावं लागतं, 135 नॉटनं येणाऱ्या एअरबस ए320 ला जेमतेम सहा. छोट्या विमानाचा वैमानिक जमिनीजवळ वाऱ्याकडचा पंख खाली झुकवतो, उलट बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक सरळ धरतो आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवतो. मोठ्या विमानाच्या पंखांखाली इंजिनं लोंबतात, तिथे एवढं झुकणं परवडत नाही. म्हणून ते तिरकंच येतं आणि टेकण्याच्या अगदी आधी रडरनं नाक मध्यरेषेवर आणलं जातं. थोडा तिरकेपणा उरला तरी भक्कम चाकं तो सोसतात.

एवढं गणित आहे तर यंत्रावरच का सोपवू नये? कारण ए320 च्या स्वयंचलित उतरण्याची आडव्या वाऱ्याची मर्यादा 20 नॉट आहे. वैमानिकाच्या हाती तेच विमान चाचण्यांत झोतांसह 38 नॉटपर्यंत उतरवून दाखवलेलं आहे. पण 'उतरवून दाखवलेलं' म्हणजे मर्यादा की नुसती माहिती? 1 मार्च 2008 रोजी हॅम्बुर्गला लुफ्तान्साच्या ए320 चा डावा पंख धावपट्टीला घासला. वारा 300 अंशांवरून, झोत 47 नॉटपर्यंत आणि धावपट्टी 23 क्रमांकाची, म्हणजे वारा जवळजवळ काटकोनात. चाचणीतल्या त्या 38 नॉटच्या आकड्याच्या अर्थाबद्दल वैमानिकांतच एकमत नाही, हे त्यानंतरच्या तपासात उघड झालं. उतरता उतरता पुन्हा वर जाणं म्हणजे वैमानिक कच्चा, असं अनेक प्रवाशांना वाटतं. त्या दिवशी पुन्हा वर जाण्यानंच विमान वाचवलं. वैमानिकांनी पुन्हा उड्डाण घेतलं, वाऱ्याला बऱ्याच सामोऱ्या 33 क्रमांकाच्या धावपट्टीवर ते उतरले आणि कोणालाही इजा झाली नाही. चिकलठाण्याला अशी दुसरी दिशा नाही. वारा हटेना, तर विमान दुसऱ्या शहराकडे वळवतात, आणि तेवढं इंधन निघतानाच टाकीत भरलेलं असतं.