दमलेल्यांचा उपसर्ग

अंथरुणात तळमळून तळमळून थकलेल्या माणसासाठी इंग्रजीत एकेकाळी एकच शब्द पुरायचा: ‘फॉरवॉलोड’. चालून चालून पाय गळालेला तो ‘फॉरवॉन्डर्ड’. लढून लढून जेरीस आलेला ‘फॉरफॉट’. मराठी जे ‘रडून रडून’, ‘जागून जागून’ अशी द्विरुक्ती करून सांगते, ते मध्ययुगीन इंग्रजीने ‘फॉर’ या इवल्याशा उपसर्गात बसवलं होतं. माणूस दमलाय हे तर कळतंच, कशाने दमलाय तेही शब्दातच! आजच्या ‘टायर्ड’मध्ये ती गंमत नाही.

हे शब्द नुसते कोशात पडून नव्हते. कवी चॉसरच्या ‘द बुक ऑफ द डचेस’मध्ये समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी अल्सायनी ‘फॉरवेप्ट’ही आहे आणि ‘फॉरवेक्ड’ही, रडण्याने आणि जागरणाने पार गळालेली. लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’चा नायक मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर भटकून ‘फॉरवॉन्डर्ड’ होतो, ओढ्याकाठी आडवा होतो, त्याचा डोळा लागतो आणि त्या स्वप्नातून अख्खं काव्य सुरू होतं. ‘फॉरवॉलोड’चा धनी तर राजाच. स्कॉटलंडचा पहिला जेम्स १४०६ मध्ये पोरवयातच इंग्रजांच्या हाती लागला आणि १८ वर्षं कैदेत राहिला. त्याच्या नावावर असलेल्या ‘द किंगिस क्वेअर’ या काव्यात रात्रभर तळमळणाऱ्या निवेदकाला हा शब्द लावलाय. इतका नेमका शब्द भाषेने हातचा जाऊ दिला याची मला खरंच हळहळ वाटते.

माझी सर्वात लाडकी मात्र जोडगोळी: ‘फॉरस्वंक’ आणि ‘फॉरस्वॅट’. ‘स्विंक’ म्हणजे राबणं, ‘स्वॅट’ म्हणजे घामाने निथळणं. एडमंड स्पेन्सरने १५७९ च्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये ही जोडी मुद्दाम वापरली. तोवर हे शब्द इतके जुनाट झाले होते की पुस्तकात त्यांचे अर्थ द्यावे लागले. पुस्तक अर्पण केलं होतं फिलिप सिडनीला, आणि असली जुनी गावरान भाषा आपल्याला मान्य नाही असं पुढे खुद्द सिडनीनेच लिहून ठेवलं!

या ‘फॉर’चा मूळ स्वभाव ‘दूर, वाया, पुरतं संपेपर्यंत’ असा. जर्मन ‘फेर’ हा त्याचा सख्खा भाऊ, तर ‘पराभव’, ‘पराजय’मधला आपला ‘परा’ लांबच्या नात्यातला. ‘फरगेट’मध्ये तो आजही आहे: ‘गेट’ म्हणजे हाती लागणं, ‘फरगेट’ म्हणजे हाती लागलेलं निसटणं. ‘फरबिड’, ‘फरसेक’ याच कुळातले. ‘फॉरेस्ट’ आणि ‘फॉरिन’ मात्र नुसते दिसायला तसे; ते लॅटिनमधल्या ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दावरून आले. ‘फोरहेड’मधला ‘फोर’ म्हणजे पुढचा, तोही वेगळाच.

‘फॉरलॉर्न’ म्हणजे पुरता हरवलेला, एकाकी. पण ‘फॉरलॉर्न होप’मधला ‘होप’ मूळचा आशेचा नाहीच. डच भाषेतल्या ‘फेरलोरेन होप’चा अर्थ ‘गमावलेली तुकडी’. तटाला भगदाड पडलं की सर्वात आधी आत घुसणारे हे सैनिक. परत येतील याची खात्री नसायची. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या भगदाडातून आधी शिरलेल्या इंग्रज फौजेच्या तुकड्यांनाही हेच नाव होतं. इंग्रजांनी तो डच ‘होप’ आपल्या ओळखीच्या ‘होप’सारखा ऐकला आणि सैनिकांची तुकडी बघता बघता ‘फोल आशा’ होऊन बसली.

बाकीचे ‘फॉर’वाले थकलेभागले शब्द इंग्रजीतून गेले, पण स्कॉटलंडच्या बोलीत ‘फॉरफॉट’चं भावंड टिकून आहे: ‘फरफॉखन’. आता त्यासाठी लढाईची गरज नाही. दिवसभराच्या कामाने अंग मोडून आलं तरी माणूस ‘फरफॉखन’ होतो.