क्षयाची चाचणी : खरा वेग कोणता?

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, अंगावरचे मांस झडू लागले, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एकच शंका येते. तिचे नाव मात्र कोणी घेत नाही. या मौनात दिवस जातात, आणि क्षय तर दिवसांवरच जगणारा रोग आहे. निदान लांबले की रोग्याचे फुप्फुस झिजते आणि त्याच्या श्वासाबरोबर जंतू घरातल्या इतरांपर्यंत पोहोचतात.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ गरीब मुलखांतील निदान मुख्यतः बेडका काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर चालले. ही पद्धत स्वस्त खरी. परंतु एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सहसा दृष्टीस पडत नाहीत. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित यांच्या बेडक्यात जंतू थोडे असतात. साहजिकच ज्यांना धोका अधिक, तेच निसटतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची पद्धत अधिक अचूक. पण हा जंतू इतका संथ वाढतो, की उत्तरास दोन ते आठ आठवडे लागू शकतात.

ही कोंडी डिसेंबर २०१० मध्ये फुटली. जागतिक आरोग्य संघटनेने ‘जीन एक्स्पर्ट’ या यंत्रास मान्यता दिली. बंद डबीत बेडक्याचा नमुना घालून ती यंत्रात ठेवली, की दोन तासांच्या आत जंतूचे जनुकद्रव्य ओळखले जाते. शिवाय रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध त्यावर चालेल की नाही, हेही कळते. सूक्ष्मदर्शकातून निसटलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश या चाचणीत सापडतात. मात्र यंत्राला स्थिर वीज आणि फार न तापणारी खोली हवी. त्यामुळे ते बहुधा मोठ्या गावच्या रुग्णालयात राहते, नमुना खेड्यातून तेथवर जातो, आणि दोन तासांचे दिवस होतात.

येथेच गोव्यातील एका उद्योगाचे काम मोलाचे ठरते. मोलबायो या कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. ते बॅटरीवर चालते आणि छोट्या आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. अर्थात त्यात हाताचे काम अधिक आहे: जनुकद्रव्य आधी एका यंत्रात वेगळे करून मग दुसऱ्या यंत्रातील चिपवर सोडावे लागते, आणि औषधाला दाद न देणारा जंतू ओळखण्यास वेगळी चिप लागते. विजेची अडचण टळली, तरी शिकलेल्या हातांची गरज उरतेच.

केवळ यंत्र पोहोचल्याने काय होते, याची कसोटी दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया व टांझानिया येथील प्राथमिक केंद्रांत घेतली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जीन एक्स्पर्टमुळे त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. परंतु काही महिन्यांनी दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृती सारखीच आढळली. एक कारण असे, की सूक्ष्मदर्शकात जंतू न दिसताही डॉक्टर लक्षणे पाहून औषध सुरू करीत होते. म्हणजे चाचणीचा वेग घड्याळावर मोजून भागत नाही. खोकल्यापासून पहिल्या गोळीपर्यंतचे सारे अंतर मोजावे लागते.

वेगाच्या मोहापासून सावधही राहिले पाहिजे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरविणाऱ्या चाचण्या झटपट होत, पण त्यांचा निर्वाळा बेभरवशाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. उलट, जनुकीय चाचणी मेलेल्या जंतूंचेही अवशेष दाखविते. म्हणून उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पाहण्यास ती उपयोगी नाही.

आपण बेळगावात असा, इंदुरात असा वा बडोद्यात, राष्ट्रीय कार्यक्रमात क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. फुप्फुसाच्या क्षयाची शंका आली, तर बेडक्याची जनुकीय चाचणी होईल का, हे सरकारी दवाखान्यात अवश्य विचारावे. उत्तर ‘नाही’ आले आणि खोकला मात्र थांबला नाही, तर पुन्हा जावे. विज्ञानाने आठवड्यांचे तास केले आहेत. घरातील संकोचाने त्या तासांचे पुन्हा महिने करू नयेत.