एकटी पाहुणी आणि पेठांचीं दारें

पुण्याच्या जुन्या पेठांत परगांवची एकटी स्त्री दिसणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणी परीक्षेसाठीं येते, कोणी नोकरीसाठीं, कोणी केवळ शनिवारवाडा व लाल महाल पाहावयास. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ व मंडई या स्थानकांवरून स्वारगेटपर्यंत धावूं लागली, त्यामुळें पाहुणी थेट पेठांच्या पोटांत उतरते. पण तेथून मुक्कामाच्या दारापर्यंतची वाट तिला निर्धास्त वाटते काय?

वडीलधारीं माणसें म्हणतात, "पूर्वीं असें नव्हतें. ओट्यावर माणसें बसलेलीं असत, माडीच्या खिडक्या उघड्या असत. गल्लींत कोण आलें, कोण गेलें, सर्वांस ठाऊक." हें खरें, पण अर्धेंच खरें. १८४८ सालीं बुधवार पेठेंत, भिडे वाड्यांत, मुलींची शाळा निघाली. तेथें शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोकांनीं शेणमाती फेंकली. शाळेंत बदलावयास त्या दुसरें लुगडें बरोबर नेत, असें सांगतात. हें भर दिवसां घडलें. पाहणारे डोळे तेव्हांही होतेच. मात्र ते वाटेवरल्या स्त्रीच्या बाजूनें नव्हते.

पुढें ओटेही गेले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठचे कित्येक वाडे जमीनदोस्त झाले. उरलेल्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं इमारती उठल्या. जेथें आजोबा सुपारी कातरीत बसत, तेथें आतां वाहनें उभीं असतात. रात्रीं दुकानें मिटलीं, कीं गल्लीस डोळाच उरत नाहीं.

त्याचा परिणाम काय होतो? पेठांस लागूनच असलेल्या स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहांटे एक तरुणी गाडीची वाट पाहत होती. 'ताई' म्हणून एका अनोळखी इसमानें तिला सांगितलें, कीं तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे. आणि उभ्या असलेल्या अंधाऱ्या गाडींत नेऊन तिच्यावर अत्याचार केला. तिनें आरडाओरडा कां केला नाहीं, असें विचारणारेही मागाहून निघाले! आम्हांस वाटतें, विचारावयाचें तें हें, कीं वर्दळीच्या स्थानकांत खरें सांगणारा माणूस तिला वेळीं कां भेटला नाहीं?

प्रवासिनींनीं गाडीची चौकशी खिडकीवर अथवा गणवेशांतील वाहकापाशींच करावी. संकटसमयीं ११२ हा क्रमांक फिरवावा. गुन्हा कोठेंही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यास तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांत तसें स्पष्टच लिहिलें आहे.

परंतु सारा भार तिच्याच माथीं कां? आमच्या घरांनीं दारावरचा दिवा रात्रभर ठेवावा. कोणी पत्ता विचारला, तर "एवढ्या रात्रीं एकट्याच कशा?" हा प्रश्न ओठांतच गिळून टाकावा. घरांतील सासूबाईंनीं किंवा सूनबाईंनीं तिच्यासोबत दारांत उभें राहावें आणि रिक्षा मिळाली, कीं तिचा क्रमांक टिपून ठेवावा. आणि हें सर्व चालू असतां घरांतल्या मुलग्यांस जवळ उभें करावें. परक्या बाईशीं कसें वागावें, याचा धडा त्यांस दुसरीकडे कोठें मिळणार?